बोटीवरची डॉक्टर

प्रिय केर्ट्टूताई,

मारियेहाम्नपर्यंत येऊनही मी तुझ्या घरी आले नाही. का, ते लिहिते आहे. पाठवीन असं मात्र वाटत नाही.

मी अभिनय सोडते आहे, एवढंच तुला सांगायला निघाले होते. मी डॉक्टर व्हायचे ती टीव्ही मालिका बंद झाल्यापासून सिनेमात मला फक्त खून झालेल्या मुलीची आई होता येतं. आणि दर नाताळात तू, खरी डॉक्टर, विचारतेस, "काय गं, यंदा किती पेशंट वाचवलेस?"

तुर्कूहून बोट सुटली आणि कॅन्टीनमध्ये एक म्हातारा छाती धरून कोसळला. लोक माझ्याकडेच वळले. "डॉक्टर, बघा ना जरा." नशिबाने प्रवाशांत एक नर्स होती. ती धावत आली आणि मला म्हणाली, "मी बघते. तुम्ही त्यांच्याशी बोला, घाबरू देऊ नका."

मी त्याचा हात धरला. मालिकेतल्या आवाजात म्हणाले, "माझ्याकडे बघा. सावकाश श्वास घ्या." मग मलाच राहवेना. वाकून म्हटलं, "काका, मी डॉक्टर नाही. नुसती नटी आहे."

"माहीत आहे," तो पुटपुटला. "माझी बायको शेवटच्या आजारपणात तुम्हालाच बघत पडून असायची. बोलत राहा."

हेलिकॉप्टर येईपर्यंत मी बोलत राहिले. तो वाचला, असं नर्सने नंतर कळवलं.

मारियेहाम्नला उतरले आणि त्याच बोटीने परत फिरले. तुला सांगायला निघाले होते, ते आता खरं राहिलं नव्हतं.

तुझी धाकटी,
आइली