हार्टविगबाईंसाठी वाटाड्या

प्रिय कासियनदादा,

मी हॉटेलातल्या नोकरीत मजेत आहे, खायला भरपूर मिळतं. तुझा नवा पाय अजून टोचतो का? आई नीट झोपते ना?

काल हार्टविगबाईंचा फोन आला. ज्यांच्या हट्टापायी तू हिमलोटाच्या भीतीने बंद केलेल्या उतारावर गेलास आणि पाय गमावून बसलास, त्याच. यंदाही फेब्रुवारीत स्कीइंगला येतायत. म्हणाल्या, "मागच्या वेळी दोन दिवस फुकट गेले हो! यंदा त्याच उतारावर जायचंच. वाटाड्या जरा धट्टाकट्टा द्या."

"मागचा वाटाड्या माझा भाऊ होता," मी म्हणाले.

"अगं बाई! बरा आहे ना? आणि हो, खोली उन्हाची द्या हं."

मालकीणबाई शेजारीच होत्या. "जुनी गिऱ्हाइकं आहेत, नाही म्हणू नकोस," असं कुजबुजल्या.

नोंदवहीत वाटाड्याच्या रकान्यात मी लिओनहार्टचं नाव लिहिलं. तू इस्पितळात पडलेला असताना तुझ्या रोमानाशी लग्न लावून मोकळा झालेला लिओनहार्ट. तो कुठल्याच पाहुण्याला नाही म्हणत नाही, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. लिहून झाल्यावर वही मिटली, दादा. रात्री मात्र ती पुन्हा उघडून पाहिली.

रोमानाला मे महिन्यात बाळ होणार आहे. हे मला आज कळलं.

नाव पेन्सिलीने लिहिलंय. तू सांगितलंस तर खोडते. तुझं काहीच उत्तर आलं नाही, तर तसंच राहू देते.

आईला यातलं काही वाचून दाखवू नकोस.

तुझीच धाकटी,
आफ्रा