पाटल्यांचा नाप

९ जाने.
सदर बाजारात स्कूटर अंगावर आली. दिसलीच नाही! समोरचं नीट दिसते, बाजूचं कोणी पुसून टाकल्यासारखं. वरून स्कूटरवालाच ओरडला, "अंधी हो क्या?" मीही सोडलं नाही, मराठीत चांगलं ऐकवलं. त्याले काय समजते. घरी येऊन ह्यांले म्हटलं, डॉक्टरले दाखवायचं आता.

११ जाने.
डॉक्टरकडं. डोक्यात पिट्युटरी नावाची इवलीशी ग्रंथी असते म्हणे, तिच्यावर गाठ. कॅन्सर नाही. त्या गाठीनंच हात, पाय, जबडा वाढून राहिले आणि नजर चालली. नाकातून काढतात, नागपूरले. आधी एम.आर.आय. पाहिजे.
आणि आम्ही सगळे काय समजत होतो! रायपूर राजधानी झाली, ह्यांले मंत्रालयात नोकरी लागली, तर सासूबाई आल्यागेल्याले सांगत, "सुनेच्या अंगी सुख लागलं." अंगठी दोनदा वाढवून आणली मी. सोनारही हसून म्हणे, "दीदी, खाते-पीते घर की हो."
सुख म्हणे!

१२ जाने.
मशीनमध्ये अंगावर धातू चालत नाही. पाटल्या निघत नाहीत. साबण लावला, तेल लावलं, कातडं सोललं. कापाव्या लागतील. सासूबाई म्हणाल्या, "संक्रांतीचं हळदीकुंकू होऊन जाऊ दे. मोकळ्या हातानं बायकांत बसशील का?" ह्यांनी पेपर उघडला. ह्यांचं नेहमीचंच.

१७ जाने.
हळदीकुंकू झालं. शेजारची बाई उजव्या बाजूनं कुंकू लावायले आली, मले दिसलंच नाही. मी एकदम दचकली, तिच्या हातचा करंडा उडाला, कुंकू साडीभर. अपशकुन म्हणून दोघी-तिघी सासूबाईंकडं पाहून राहिल्या.
सासूबाई माझ्या डोळ्यांकडं पाहत होत्या.

१८ जाने.
सकाळी चहा व्हायच्या आधीच सासूबाई चप्पल घालून तयार. "चाल, सदर बाजारात."
सोनारानं कात्री लावली तेव्हा माझा हात सासूबाईंनीच धरला. आईच्या पाटल्या होत्या माझ्या. रडली मी, भर दुकानात. सोनं तिथंच ठेवलं. घरी येऊन सासूबाईंनी मनगटाले हळदीचं सूत बांधलं. सूत चालते मशीनमध्ये, विचारून घेतलं होतं त्याईनं.

२१ जाने.
रिपोर्ट. गाठ आहेच, आणि तिच्या अगदी बाजूले रक्ताची नस फुगून आहे. डॉक्टर म्हणाले, "अच्छा हुआ पहले दिख गया. नाक से निकालते समय ये फट जाती तो..."
आता आधी डोकं उघडून नसेले क्लिप, मग गाठ. नाहीतर थांबायचं. थांबलं तर नजर जाणार. उघडलं तर टेबलावरच काहीही होऊ शकते.

२२ जाने.
हे म्हणतात, थांबू. पिंकी रडून राहिली, "मम्मी, मत जाओ ना." किती वेळा सांगितलं पोट्टीले, मराठीत बोल. आज काही म्हटलं नाही.
भीती मलेही वाटते. खूप वाटते. डोळे मिटले की ती फुगलेली नसच दिसते.

२५ जाने.
ब्लाउज शिवायले घेतला. सुई समोर दिसते, कापड कुठं संपते ते दिसत नाही. बोट शिवलं.
ह्यांले म्हटलं, "मी जाऊन राहिली नागपूरले. तुम्ही आले तर बरं, नाही तर तुमच्या आईले घेऊन जाते." हे मग उठून स्टेशनवर गेले, तिकिटं काढायले. तिघांची, सासूबाई धरून.

३० जाने.
उद्या निघायचं. सोनाराकडं गेलो, पाटल्या किती नापाच्या करायच्या सांगायले. गाठ निघाली की हाताची सूज थोडी उतरते, डॉक्टर म्हणाले. किती उतरते, कोणाले माहीत.
सोनार म्हणे, "दीदी, नाप?"
मी ह्यांच्याकडं पाहिलं, हे रस्त्याकडं.
सासूबाई म्हणाल्या, "अभी मत बनाओ. वो आके खुद नाप देगी."
सोनारानं मान हलवली आणि पाटल्यांची पुडी वरच्या कप्प्यात ठेवली. वरचा कप्पा मले समोरून नीट दिसत होता.