ढोल पायांकडे बघून वाजतो

प्रिय तिहोमिर,

आणि वर पेपरात सांगतोस, "गावच्या वादकांना ताल शिकवायला जरा वेळ लागला"! कुणाला ताल शिकवलास रे? बाबांना? ज्यांच्या ढोलावर अख्खं खोरं पन्नास वर्षं लग्नांत नाचलं, त्यांना? शेजारच्या रुझाने ते कात्रण मला वाचून दाखवलं, एकेक शब्द चघळत. मी चौथीत शाळा सोडली, पण टोमणा कळतो मला.

तू बेलग्रेडला ऑर्केस्ट्रा चालवतोस, त्यात जॅझ घालतोस, आपल्या लग्नातली गाणी घालतोस, लोक उभे राहून टाळ्या पिटतात. घाल की. मिरच्या भाजताना मी सगळ्या बायांना रेडिओ ऐकवते, माझा धाकटा भाऊ म्हणून. पण बाबांना स्टेजवर नेलंस ते कशाला?

बाबांनी जन्मात कधी कुणाच्या हवेत फिरणाऱ्या छडीकडे बघून वाजवलंय का? आपल्याकडे ढोलवाला बघतो ते रिंगण धरणाऱ्याच्या, म्हणजे सगळ्यांच्या पुढे नाचणाऱ्याच्या पायांकडे. त्याचं पाऊल जड पडलं की ढोल जड, त्याने उडी घेतली की ढोलाची उडी. हे तुला ठाऊक नाही? त्याच ढोलाला टेकून झोपायचास तू! सरावाला समोर नाचणारं कुणीच नाही, म्हणून बिचारे तुझ्याच बुटांकडे बघून वाजवू लागले. आणि तू घाबरलास की टाच आपटतोस, हातात एक ताल, पायात भलताच. सगळी व्हायोलिनं एका वाटेने, ढोल दुसऱ्या. मग ओरडलास, "ओ म्हातारबुवा, वर बघा, वर!" बापाला म्हातारबुवा! बाबांबरोबर आलेला तुतारीवाला मिलुतिन सांगत होता, ते व्हायोलिनवाले फिदीफिदी हसले म्हणे.

एवढ्यावर तरी थांबायचंस. कार्यक्रमाच्या दिवशी त्यांना सांगितलंस, नुसता ढोल गळ्यात घालून उभे राहा, फोटोत छान दिसतं, वाजवेल आमचा माणूस मागून. दीड तास उभे होते ते. शहात्तर वर्षांचे.

घरी आले, ढोल कोठारात मक्याच्या कणसांवर टाकला. मी म्हटलं, बाबा, उंदीर कातडं खातील. म्हणाले, "खाऊ देत. त्यांना तरी ताल कळत असेल."

आता या रविवारी माझ्या नेवेन्काचं लग्न आहे. घरच्या माणसाची थाप ढोलावर पडल्याशिवाय आपल्यात पोर उंबरा ओलांडत नाही. नेवेन्का म्हणते, आजोबा नाही वाजवणार तर मी खोलीतून बाहेर येत नाही. बाबा म्हणतात, दुसरा ढोलवाला बघा, मला ताल येत नाही. आणि मी दोघांच्या मधे, दोनशे माणसांसाठी कोबीच्या पानांत खिमा गुंडाळत बसलेय. मी विनवून बघितलं, भांडून बघितलं, रडूनही झालं. हे माझं काम नाही, तुझं आहे. शनिवारी ये. त्यांच्यासमोर उभा राहा आणि "बाबा, चुकलो" म्हण, तुझ्या त्या पेपरातल्या भाषेत नाही, आपल्या. मग रविवारी अंगणात रिंगण तू धर, त्यांना बघू दे तुझ्या पायांकडे. फोन केला की तुझी ती ऑफिसातली बाई "साहेब सरावात आहेत" म्हणते, म्हणून हे कागद काळे केले. येतोस की नाही, ते गुरुवारपर्यंत कळव. आणि "बघतो, जमवतो" असलं काही लिहू नकोस. हो किंवा नाही.

तुझीच, अजून तरी,
स्तामेना