कूलरमधली सातेरी

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
२० फेब्रुवारी २०२५

ती. आप्पा,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं, म्हणून गावाकडं निघालेल्या कचरूदादाच्या टेम्पोत ही चिठ्ठी देतेय. बातमीच तशी आहे! काल गॅलरीतला जुना कूलर धुवायला उघडला, तर आत मधाची सात पोळी ओळीनं लटकलेली! माश्या काळसर, पट्ट्यापट्ट्यांच्या. तुम्ही पेटीत पाळायचात ती सातेरीच ना?

घरमालकीण सारजाबाईंना मात्र लई धास्ती. त्यांनी रविवारी फवारणीवाल्याला बोलावलंय. दोन वर्षांपूर्वी आपल्या शेताशेजारच्या फकिराकाकांनी कांद्यावर औषध मारलं अन् आपल्या पेट्यांमधल्या माश्या एका दिवसात संपल्या. तेव्हापासून तुम्ही पेटीला हात लावला नाही, ठाऊक आहे. तरी या. मी माश्यांना किती घाबरते, ते पाहून तुम्हीच हसायचात.

वाट बघतेय. माया कमी करू नका.
तुमची मोनिका

अजिंठा
२१ फेब्रुवारी

चि. मोनिकास, अनेक आशीर्वाद.

सातेरीच हाय. पण मी येणार नाय. मेलेल्या माश्या सुपात भरून मातीआड केल्या, तवापासून पेटी उघडवत नाय. एक पेटी धुऊन कचरूसंगं धाडतोय. काम तुलाच करावं लागंल.

तोंडाला जाळी बांध. दिवस मावळताना गोवरीचा थोडाच धूर दे. पोळं अलगद काप, लाकडी चौकटीत सुती दोऱ्यानं बांध. राणी लांबट असती. ती पेटीत गेली की समद्या मागं जातात. समदा मध काढू नको, माश्यांनाबी खायला लागतं. घाई केली तर डसतील. तुला हसायचो, ते चुकलंच माझं.

सांभाळून कर. कसं झालं ते लगोलग कळव.
आप्पा

औरंगपुरा
२४ फेब्रुवारी

ती. आप्पा,
शि. सा. न. वि. वि.

जमलं आप्पा, जमलं! शनिवारी संध्याकाळी धूर दिला. सारजाबाई दार लावून आत बसल्या होत्या. पाचवं पोळं हातातून घसरायला लागलं तशी मी ओरडले, तर त्याच डोक्यावरून पदर घेऊन धावत आल्या आणि चौकट धरली. मला तीन डंख, त्यांना एक! राणी शेवटच्या पोळ्यावर सापडली. तिला पेटीत सोडलं मात्र, क्रांती चौकात सिग्नल सुटावा तशा सगळ्या तिच्यामागं आत!

काल फवारणीवाला आला. सारजाबाईंनी त्याला दारातूनच परतवून लावलं. म्हणाल्या, या माझ्या घरच्या माश्या आहेत, हात लावायचा नाही. वाटीभर मध निघाला. त्यांच्या खोकल्याला आल्याच्या रसातून दिला, मी शिळ्या भाकरीवर घेतला. पेटी आता गच्चीवर आहे, आणि आज सकाळी माश्या पायांना पिवळा पराग लावून परतल्या! हे चांगलंच ना?

आईला नमस्कार. लवकर लिहा.
मोनिका

अजिंठा
२५ फेब्रुवारी

चि. मोनिकास, लई लई आशीर्वाद.

चांगलं म्हणजे काय! पराग आणतात म्हणजे आत पिल्लं वाढतात. पोळं नांदायला लागलं, पोरी! तुझी चिठ्ठी मी आख्ख्या गल्लीला वाचून दाखवली.

ऐकून फकिरा घरी आला. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्याचा बियाण्याचा कांदा फुलावर हाय, पण माशीच फिरकत नाय, म्हणून बी धरत नाय. खाली मान घालून म्हणाला, आप्पा, पुढं माश्या वाढल्या की एक पेटी माझ्या बांधावर ठेवा, तुम्हाला इचारल्याबिगर औषधाला हात लावणार नाय. मी म्हणलं, माश्यांचा कारभार आता माझ्या लेकीकडं हाय, तिला इचारून सांगतो.

तर काय सांगू त्याला? उद्या सकाळच्या एसटीनं येतोय, तोंडावरच सांग.

जीव लावतीस तसाच लाव.
आप्पा