गच्चीवरची चकाकी

प्रिय धाकट्या,

आता फोन केला की तू ‘मीटिंगमध्ये आहे’ म्हणून कटवतोस, म्हणून लिहितेय. आधी चांगलं सांगते. गुडघा बरा आहे आणि पाळणाघरातली ती नकटी आता माझ्या हातचं सूप वाटी चाटूनपुसून पिते. बाकी नुसती शिसारी आहे बघ.

तुझ्या गच्चीवरच्या शेतीतली भाजी खाली पाळणाघरात माझ्याकडे यायची ठरली, तेव्हा मीच मिरवलं होतं. लेक वर पिकवतो, आई खाली शिजवते! परवा तुझे पाहुणे गच्चीवर फोटो काढायला आले. काय तो थाट! एका बाईंनी मुळा चावला, फोटोपुरतं हसल्या आणि कॅमेरा वळताच वाफ्यात थुंकल्या. मग ती सगळी भाजी माझ्या ओट्यावर आली. कोथिंबीर नळाखाली धरली तर पाणी पानावर ठरेचना. हात चिकट, वास बूटपॉलिशचा. कितीदा धुतली तरी पातेल्यात तवंग तो तवंगच. शी! अजून हात धुवावेसे वाटतात.

तुझ्या सुपरवायझरला गाठलं. फोटोत पानं मरगळलेली दिसतात, म्हणून ऑफिसांतल्या शोभेच्या झाडांना मारतो तोच चकाकीचा फवारा मारला, साहेबांनीच सांगितलं, असं म्हणाला. अरे, इतकी वर्षं शोभेच्या कुंड्या भाड्याने दिल्यास म्हणून भाजीही शोभेचीच समजलास? ते विचारायला केलेला फोन तेवढा उचललास, तर मलाच म्हणालास, राईचा पर्वत करू नकोस, चिमूटभर कोथिंबिरीने कोण मरतं! लहानपणी गाजर सदऱ्याला पुसून खायचास, तो तू हाच का? आईला पोटच्या पोराची किळस यावी, याहून वाईट काय असतं रे.

ती भाजी मी कचऱ्यात घातली आणि मुलांना बटाटे उकडून दिले. पण आज तुझी माणसं पुन्हा फवारत होती. उद्या पुन्हा फोटो आहेत म्हणे, आणि फोटो झाले की जुड्या इथेच येणार.

शनिवारी मुलांच्या आईवडिलांची सभा आहे. नोकरी गेली तरी बेहत्तर, मी उठून सगळं सांगणार आहे. त्याआधी तू येऊन स्वतःच्या तोंडाने सांगावंस, म्हणून हे पत्र. आलास तर तुझ्या शेजारी उभी राहीन, लोक बोलतील ते दोघं ऐकून घेऊ. नाही आलास तर मी एकटी बोलेन. गच्चीवरचा तो माणूस कोण, असं कुणी विचारलंच, तर माझा मुलगा आहे म्हणून सांगेन.

अजून तरी तुझीच,
आई