पाटावरची रायफल

बाबा,

तुम्ही कधीही सैन्यात नव्हता. हे आधी लिहून टाकतो, कारण आमच्या शेजारच्या घरात गेले काही महिने तुम्ही सैनिक आहात, आणि तुम्हाला तिथे भरती मीच केलंय.

तुम्ही गेल्यानंतर मला एक नाद लागला. आठवडाभर आइंडहोवनच्या डच कंपनीत चिपच्या मशीनमध्ये डोकं घालायचं आणि शनिवारी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या रायफलींच्या प्रतिकृती दुरुस्त करायच्या. खऱ्या नव्हेत. नळी आतून भरीव, चाप ओढला तर नुसतं खट्ट होतं. दस्ता चिरलेला, लोखंडावर गंज, अशा अवस्थेत त्या मिळतात. इथे असल्या नकली हत्यारालाही परवानगी लागते, ती आमच्या क्लबमार्फत मिळते. तुमची सून म्हणते, "घरातला नळ गळतोय तो दिसत नाही, आणि न उडणारी बंदूक मात्र घासत बसतोस." हौसेला मोल नसतं, असं म्हणून मी वेळ मारून नेतो. खरं म्हणजे लाकडावर पॉलिश पेपर फिरवताना मला तुमच्याजवळ बसल्यासारखं वाटतं. मी परदेशी निघालो तेव्हा तुम्ही चपड्याची पुडी दिली होती, "कधी टेबलबिबल घेतलंस तर स्वतः पॉलिश कर" म्हणून. टेबल आम्ही विकत घेतलं ते पॉलिश केलेलंच. तुमचा चपडा मी एका जर्मन रायफलीच्या दस्त्यावर संपवला. क्लबवाले म्हणत होते जवसाचं तेलच हवं, पण मी ऐकलं नाही. काय चमकला होता तो दस्ता!

मला आपल्याकडची खंडेनवमी आठवते. तुम्ही फर्निचरच्या दुकानातून लवकर आला आहात, बोटं चपड्याने तपकिरी, अंगाला स्पिरिटचा वास. पाटावर रंधा, पटाशी, ब्रश आणि तुमचा तो मलमलीचा बोळा मांडलाय. मी हळूच माझं टिकल्यांचं पिस्तूल त्यात सारतो. तुम्ही ते उचलून माझ्या हातात परत देता. "पाटावर बसायला वर्षभर राबावं लागतं. यानं काय केलं?" आई हसते, मी रुसून बसतो. तुम्ही मला समजावत नाही, कुंकवाची वाटी तेवढी पुढे करता.

तर गेल्या दसऱ्याला मी दोन पाट जोडले आणि ती जर्मन रायफल मांडली. क्लबातल्या प्रत्येकाकडे आजोबांची युद्धातली एखादी गोष्ट असते, माझ्याकडे काहीच नाही. निदान आपली पूजा तरी आहे, असं काहीतरी डोक्यात होतं. फोटो काढून त्यांना पाठवायचा होता. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. फुलं शेजारच्या डच आजींनी दिली होती, त्यांच्या बागेतली. आमची मुलगी त्यांना ओमा म्हणते, म्हणजे आजीच. शाळेतून आली की ती त्यांच्याकडेच असते. युद्ध झालं तेव्हा त्या अगदी लहान होत्या, हे मला माहीत होतं. तरीही त्यांना मी त्याच खोलीत श्रीखंड-पुरी खायला बोलावलं.

त्या आल्या, कोट काढता काढता थांबल्या. "ही माझी फुलं ना?" म्हणाल्या. मग रायफलीकडे बोट करून, "असलीच एक आमच्या स्वयंपाकघराच्या दाराला टेकवलेली असायची. घरात जर्मनांचे सैनिक आणून ठेवले होते. आई तिला वळसा घालून चुलीपाशी जायची." आणि बाबा, तुमच्या लेकानं काय उत्तर दिलं असेल? "नाही, ती ही नसणार. हा नमुना अगदी शेवटी शेवटी आला. ही कडी बघा ना." अक्कल पाजळली. त्यांनी कडी बघितली नाही. रायफलीकडे पाठ करून बसता येईल अशी खुर्ची घेतली, दोन घास खाल्ले, छान झालंय म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानंतर त्यांनी मुलीला बोलावणं बंद केलं. कुंपणावरून हात करत, तेवढंच. मुलगी विचारायची, "बाबा, व्हाय इज ओमा मॅड अ‍ॅट अस?" शेवटी मी त्यांच्या दाराची बेल वाजवली. चुकलो, एवढं म्हणायचं होतं. पण त्यांच्या समोर बसल्यावर तोंडातून निघालं, "आमची पद्धतच आहे. माझे वडील दरवर्षी बंदुकीची पूजा करायचे." त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "सैनिक होते का?" मी मान डोलावली. मग तुम्हाला सीमेवर धाडलं, मग तुमच्या पायाला जखम झाली. एकदा सुटलो की सुटलोच. तुम्ही ज्या पाटावरून टिकल्यांचं पिस्तूल उचलून दिलंत, त्याच पाटावर मी तुमच्या नावाने बंदूक ठेवली. चूक माझी, आणि ती मी मेलेल्या माणसाच्या गळ्यात बांधली, कारण तो नाही म्हणायला येणार नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी पुन्हा त्यांच्याकडे जायला लागली. सफरचंदाचा केकही आला. मला सुटल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात युद्धात गेलेल्यांसाठी इथे संध्याकाळी दोन मिनिटं सगळं थांबतं. या वेळी त्या मला सोबत घेऊन गेल्या. स्मारकापाशी एक फूल माझ्या हातात दिलं, "तुझ्या वडिलांसाठी." आपल्या ओळखीच्या म्हाताऱ्यांना त्यांनी माझी ओळख करून दिली, सैनिकाचा मुलगा म्हणून. एकाने माझा हात दोन्ही हातांत घेतला. दोन मिनिटं मी मान खाली घालून उभा होतो आणि मला शरम वाटली. पण त्या म्हाताऱ्याने हात धरला तेव्हा बरंही वाटलं होतं, बाबा. तुमच्या तपकिरी बोटांसाठी माझा हात असा कुणी धरला नव्हता, आणि कुणी धरावा असं मी कधी काही सांगितलंही नव्हतं. तुम्ही लाकूड पॉलिश करायचा, एवढं साधं वाक्य मी या देशात कुणापुढेच बोललो नाही.

हे पत्र खरं तर शेजारच्या दारात टाकायला हवं. चार पावलांवर आहे. मला डच लिहिता येतं, ऑफिसात रोज लिहितो. तरी मराठीत लिहायला बसलो, कारण त्यांना ते वाचता येणार नाही.