तिसऱ्या अंकातली काख

वडसा,
९ फेब्रुवारी १९८६

आदरणीय हरिदासभाऊ,

धाकट्या खुशालचा सप्रेम जयभीम. तुमची, वहिनींची आणि तुमच्या उजव्या गुडघ्याची तब्येत बरी आहे असे धरून चालतो. मीही ठीक आहे. मधले काही दिवस नाटक कंपनीत माझ्याजवळ कोणी बसत नव्हते, एवढेच. ती हकीकत तुम्हालाच कळवतो, कारण तिची सुरुवात तुमच्या प्रेमातून झाली.

दिवाळीला तुम्ही भद्रावतीहून टेरिलीनचा शर्ट आणि अत्तराची बाटली आणलीत. (शर्टाला इस्त्री लागत नाही, असे तुम्ही म्हणालात. धुवावाही लागत नाही, असे मी समजलो.) यंदा कंपनीने मला नायक केले. दिवसभर राईस मिलमध्ये पोती उचलायची, मग त्याच शर्टावर गरम कोट चढवून तिसऱ्या अंकात मरायचे. मेल्यावर नायिका, म्हणजे गोंडपिपरीची रुखमा, माझ्या छातीवर पडून रडते. पहिल्या प्रयोगाला मी दोन्ही काखांत अत्तर ओतले, हात पसरून मेलो, रुखमा कोसळली, आणि भाऊ, ती अशी रडली की मंडपातल्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, मध्येच उचकी. सरपंचांनी तिला स्टेजवर लुगडे दिले. मेलेल्याला कोण काय देणार. (पण मला मनात वाटले, हे प्रेमच.)

पुढच्या गावी ती तीन हात दूर बसून रडली. त्याच्या पुढच्या गावी सरळ विंगेजवळून. तेव्हा मालक मुखरूभाऊ म्हणाले, "खुशाल, तू पडद्यामागं नदीत बुडून मर. लोकायले आवाज आला तरी पुरे." न दिसता मरण्याचा मान किती नायकांना मिळतो? मी रुखमाला गाठून कारण विचारले. ती खाली पाहत म्हणाली, "राग नका मानू जी. तुमच्या काखेचा लय वास येते. त्या दिवशी मले रडू नाई आलं, ओकारी येऊन राह्यली होती."

दोन दिवस मी स्वतःच्याच काखेचा वास घेत फिरलो. मग सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी मला हात वर करायला सांगितले आणि उठून खिडकी उघडली, तपासणी तेवढीच. त्या म्हणाल्या, "घामाले स्वतःचा वास नसते. काखेत ओल अन् केस, तिथं जंतू वाढते, वास ते करते. वरून हा शर्ट हवा जाऊ देत नाई, अन् तुम्ही त्याच्यावर अत्तर टाकता." मग सांगितले की दोन्ही वेळा साबणाने धुवा, नीट कोरडे पुसा, केस काढा, तुरटीचा ओला खडा फिरवा, सुती बनियन रोज बदला, कांदा-लसूण काही दिवस कमी खा. (म्हणजे अठ्ठावीस वर्षे मी जे करत होतो, ते सोडून सगळे.) केस काढल्याबरोबर तुरटी लावू नये, हे मात्र त्या सांगायला विसरल्या. मिलच्या विहिरीवर मी जो नाचलो, तो पाहून हमालांनी मला नाटकातले नवीन काम मिळाले का म्हणून विचारले.

पंधरा दिवसांनी मुखरूभाऊंच्या पाया पडून मी छातीवरचे मरण परत मिळवले. रुखमा श्वास रोखून पडली. मग तिने तो हळूच सोडला, परत घेतला, आणि डोके टेकवून इतकी निवांत राहिली की पुढचे वाक्यच विसरली. "आता बरं वाटून राह्यलं जी," असे कानाशी म्हणाली. मी मेलेलो, बोलणार कसा? लोक मात्र नाराज झाले. बाई पहिल्यासारखी रडत नाही, अशी गावोगाव ओरड आहे, आणि मुखरूभाऊ मला प्रयोगाच्या दिवशी अंघोळ करू नको म्हणून विनवतात. कलेची एवढी सेवा माझ्याने होणार नाही.

तुमच्या भेटवस्तूंनी उपकृत,
खुशाल

ता. क. पत्राचे खरे काम राहिलेच. येत्या रविवारी गोंडपिपरीला रुखमाचे वडील श्रावणभाऊ यांच्याकडे माझ्यासाठी मागणी घालायला थोरला भाऊ म्हणून तुम्ही यायचे आहे.

ता. क. २. "मोठे भाऊ तुमच्याच रक्ताचे न जी?" असे रुखमाने विचारले. मी हो म्हणालो. बैठक अंगणात ठेवली आहे. मनावर घेऊ नये.